आस्तिक कोण, नास्तिक कोण?



आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचींत मंत्र्यांनीं, संसदेच्या व विधिमंडळांच्या सभासदांनीं आणि न्यायाधीशांनीं घ्यावयाच्या शपथांचे नमुने दिलेले आहेत. प्रत्येक नमुन्यांत दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. ज्याला वाटेल त्यानें ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घ्यावी. ज्याला तें रुचत नसेल त्यानें ईश्वराचें नांव न घेतां गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोघांचा अधिकार सारखा आणि जबाबदारीही सारखीच. एखाद्या सभासदानें ही दुसरी वाट धरली कीं ऐकणाऱ्यांच्या घरांत मात्र प्रश्न उठतो, 'म्हणजे हे गृहस्थ नास्तिक कीं काय?' आणि हा प्रश्न बहुधा चौकशीच्या सुरांत येत नाहीं, आरोपाच्या सुरांत येतो.

आज मला बोलावयाचें आहे तें ह्या शब्दाविषयीं, आणि त्याच्या सोबत येणाऱ्या आणखी दोनचार शब्दांविषयीं. माझा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेला. शास्त्री-पंडित म्हणविण्याचा माझा अधिकार नाहीं. पण भूमितीच्या वर्गांत जो पहिला धडा मीं मुलांना दिला तो येथेंही उपयोगी पडेल असें मला वाटतें. व्याख्या आधीं, सिद्धांत मागाहून. त्रिकोण कशाला म्हणावयाचें हें ठरल्यावांचून त्याच्या कोनांची बेरीज सांगतां येत नाहीं. देवाधर्माच्या वादांत मात्र आपण थेट बेरजेपासूनच आरंभ करतों, आणि बेरीज जुळली नाहीं म्हणजे एकमेकांवर रागावतों. बापलेकांत अबोला धरण्याइतका हा राग कित्येक घरांत वाढतो. आणि पुष्कळदां दोघेही एकच शब्द घेऊन दोन निरनिराळ्या गोष्टी बोलत असतात.

शपथेची ही दुहेरी वाट आज साधी वाटते. पण तिच्यासाठीं इंग्लंडांत एका माणसाला कित्येक वर्षें झगडावें लागलें. चार्लस ब्रॅडलॉ हे गृहस्थ १८८० सालीं नॉर्दॅम्प्टन येथून पार्लमेंटवर निवडून आले. ते उघडपणें स्वतःला नास्तिक म्हणवीत. त्यांनीं शपथेऐवजीं प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मग त्यांनीं शपथ घेण्याची तयारी दाखविली, तर नास्तिकाच्या तोंडीं शपथेला अर्थ काय, असें म्हणून तेंही नाकारण्यांत आलें. एक रात्र त्यांस पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यांत अटकेंत ठेवलें होतें. मतदारांनीं त्यांना पुनःपुन्हां निवडून दिलें. शेवटीं १८८६ सालीं त्यांना आपल्या जागेवर बसतां आलें, आणि दोनच वर्षांनीं, १८८८ सालीं, प्रतिज्ञेची मोकळीक देणारा शपथेचा कायदा त्यांच्याच खटपटीनें मंजूर झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ सालच्या डिसेंबरांत मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटांत मांडणारा मित्र म्हणून त्या वेळीं आपल्या लोकांनीं त्यांचें मोठ्या प्रेमानें स्वागत केलें.

आतां ह्या नामांकित नास्तिकाचें म्हणणें काय होतें तें पाहा. 'ईश्वर नाहीं' असें विधान आपण करीत नाहीं, असें ते लिहितात. 'ईश्वर' ह्या शब्दानें माझ्या मनांत कोणतीच स्पष्ट कल्पना उभी राहत नाहीं. आणि ज्याची कल्पनाच नाहीं तें मी कबूल कसें करूं आणि नाकारूं तरी कसें? कोणी त्या शब्दाची ठराविक व्याख्या माझ्यापुढें ठेवावी, मग ती तपासून मी उत्तर देईन. आणि जी व्याख्या पटत नाहीं तिला उघड नकार देईन. म्हणजे ज्या माणसाला शब्दासाठीं सहा वर्षें दाराबाहेर उभें केलें, त्याची मुख्य तक्रार शब्दाच्या अर्थाविषयींच होती!

आपल्याकडे हा शब्द कसा आला? पाणिनीनें 'आस्तिक' आणि 'नास्तिक' हे दोन्ही शब्द एकाच सूत्रांत सिद्ध केले आहेत. 'आहे' अशी ज्याची मति तो आस्तिक, 'नाहीं' अशी ज्याची मति तो नास्तिक. काय आहे आणि काय नाहीं, हें मात्र सूत्रांत नाहीं. काशिका ह्या जुन्या वृत्तीनें ती जागा भरून काढली ती 'परलोक' ह्या शब्दानें. मेल्यानंतर कांहीं आहे असें मानणारा तो आस्तिक. मनुस्मृतीनें दुसरेंच माप घेतलें. तिच्या मतें जो वेदाची निंदा करतो तो नास्तिक. आणि आज आपण बाजारांत, सभेंत, घरांत जें माप वापरतों तें तिसरें: ईश्वर मानणारा आस्तिक, न मानणारा नास्तिक.

हीं तीन मापें एकाच वस्तूला लावून पाहिलीं म्हणजे मौज दिसते. सांख्यदर्शन वेदांचें प्रामाण्य मानतें, म्हणून परंपरेनें तें आस्तिक दर्शनांत मोडतें. पण ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत सारें जग प्रकृति आणि पुरुष ह्या दोहोंवर उभें केलें आहे, तेथें जग निर्माण करणाऱ्या ईश्वराला कामच उरलेलें नाहीं. ग्रंथकाराच्या नांवांत ईश्वर आहे आणि ग्रंथांत नाहीं! पूर्वमीमांसक तर वेदांचे सर्वांत कडवे अभिमानी. यज्ञयागांतील एकेक वाक्याचा अर्थ लावण्यांत त्यांनीं आयुष्यें वेंचलीं. परंतु त्यांच्यांतील थोर आचार्य कुमारिल भट्ट ह्यांनीं श्लोकवार्तिकांत जगत्कर्त्या ईश्वराविरुद्ध जे आक्षेप घेतले आहेत, ते आजच्या कोणत्याही बुद्धिवाद्याला पुरे पडावेत. जग निर्माण होण्यापूर्वीं कर्त्याला शरीर होतें काय? नसेल तर त्यानें इच्छा कशी केली? दयेनें जग केलें म्हणावें, तर त्या वेळीं दया करण्यासारखे प्राणी तरी कोठें होते? आणि दयाच होती तर सर्वांना सुखीच कां केलें नाहीं? असे प्रश्न विचारणारा हा वैदिक ब्राह्मण जुन्या मापानें पक्का आस्तिक. आपल्या घरगुती मापानें मात्र नास्तिक.

जैनांची गोष्ट नेमकी उलट आहे. ते वेद प्रमाण मानीत नाहींत, म्हणून मनूच्या मापानें नास्तिक; परलोक, पुनर्जन्म आणि मोक्ष हीं सर्व मानतात, म्हणून काशिकेच्या मापानें आस्तिक. त्यांचीं मंदिरें आहेत, पूजा आहे, तीर्थंकरांची भक्ति आहे. पण जग कोणी निर्माण केलें असें ते समजत नाहींत. तिन्ही मापांत नास्तिक ठरणारे आपल्याकडील ठळक असे एक चार्वाकच. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहांत पहिलें प्रकरण त्यांनाच मिळालें आहे, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्या जुन्या पंडितांची रीत अशी कीं, ज्याचें खंडन करावयाचें त्याचें म्हणणें आधीं नीट मांडावयाचें. त्याला ते पूर्वपक्ष म्हणत.

युरोपांतही ह्या शब्दानें असेच खेळ केले आहेत. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें अथेन्स शहरानें साक्रेटिसावर जे आरोप ठेवले त्यांत नगराचे देव तो मानीत नाहीं हा एक होता. पुढें रोमन लोक आरंभींच्या ख्रिस्ती लोकांना नास्तिक म्हणत. कारण रोमच्या देवतांपुढें ते मान तुकवीत नसत. सतराव्या शतकांत स्पिनोझा ह्या तत्त्वज्ञाला आम्सटरडॅमच्या ज्यू समाजानें १६५६ सालीं बहिष्कृत केलें आणि त्याचे ग्रंथ नास्तिकाचे ग्रंथ ठरले. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर नोव्हालिस ह्या जर्मन कवीला तोच माणूस ईश्वराच्या नशेनें धुंद झालेला वाटला. साक्रेटिस, ख्रिस्ती आणि स्पिनोझा ह्यांच्यांत साम्य एवढेंच कीं, शेजाऱ्याचा देव त्यांचा नव्हता. ह्यावरून एक साधा नियम निघतो: 'नास्तिक' हा शब्द ऐकला कीं, 'काय नाहीं म्हणतो?' असें विचारावें. नाकारलेली वस्तु कळल्याशिवाय नकाराचा अर्थ कळत नाहीं.

म्हणून आतां 'ईश्वर' ह्या शब्दाकडे वळूं. 'ईश्' म्हणजे सत्ता चालविणें; ईश्वर म्हणजे सत्ताधारी. पण त्याची सत्ता कशावर व कशी, ह्याविषयीं आपल्याच दर्शनांत एकवाक्यता नाहीं. नैयायिकांचा ईश्वर कुंभारासारखा आहे. मडकें आहे त्या अर्थीं कुंभार असला पाहिजे. जग हेंही एक कार्य आहे, त्या अर्थीं त्याचा कर्ता असला पाहिजे. उदयनाचार्यांनीं न्यायकुसुमांजलींत ही युक्ति मोठ्या हिरिरीनें मांडली. त्यांच्याविषयीं एक आख्यायिका आहे. जगन्नाथपुरीस त्यांना देवळाचें दार बंद दिसलें, तेव्हां ते देवाला म्हणाले कीं, आज ऐश्वर्यानें माजून तूं मला ओळखीत नाहींस, पण निरीश्वरवादी चालून येतात तेव्हां तुझें अस्तित्व माझ्यावर अवलंबून असतें! गोष्ट खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला तर्काचा देव आणि देवळांतला देव ह्यांच्यामधलें अंतर चांगलें समजलें होतें.

ह्या कुंभाराला शास्त्रांत निमित्तकारण म्हणतात आणि मातीला उपादानकारण. वेदान्ती, निदान शंकराचार्य आणि रामानुजाचार्य, म्हणतात कीं ब्रह्म हें निमित्तही आहे आणि उपादानही. कोळी आपलें जाळें बाहेरून सूत आणून विणीत नाहीं, स्वतःच्याच अंगांतून काढतो. तसें हें जग. ह्याच्या पुढें जाऊन 'जें जें आहे तें सर्व ईश्वरच' असें म्हटलें म्हणजे त्याला सर्वेश्वरवाद म्हणतात. स्पिनोझाचें मत बहुधा ह्याच सदरांत घालतात. मध्वाचार्यांना मात्र हें मुळींच मान्य नाहीं. त्यांच्या मतें ईश्वर जगाहून आणि जीवाहून कायमचा भिन्न आहे. पातंजल योगांतला ईश्वर तर जग निर्माणही करीत नाहीं. क्लेश व कर्म ह्यांचा स्पर्श न झालेला तो एक विशेष पुरुष आहे, पूर्वीच्या गुरूंचाही गुरु आहे. साधकानें चित्त स्थिर करण्यासाठीं त्याचें ध्यान करावें.

आपल्या महाराष्ट्रांत एकोणिसाव्या शतकांत ह्या शब्दाला आणखी दोन रूपें मिळालीं. १८६७ सालीं मुंबईंत प्रार्थनासमाज निघाला. रानडे, भांडारकर ह्यांसारखे विद्वान् त्यांत होते. एकच निराकार, दयाळू ईश्वर, त्याची मूर्ति नाहीं, अवतार नाहीं, पण त्याची प्रार्थना करावी आणि ती हृदयाला बळ देते, असें ते समजत. हा एकेश्वरवाद. जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, आणि ईश्वर, देव हे रूढ शब्द टाळून 'निर्मिक' हा शब्द घेतला. निर्माण करणारा तो निर्मिक. त्यानें सर्व स्त्रीपुरुषांना सारखेच हक्क दिले, आणि त्याच्या व माणसाच्या मध्यें भटाची वा दलालाची गरज नाहीं. त्यांच्या निधनानंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकांत हा विचार सविस्तर आला आहे. नवा शब्द कां लागला, हें येथें सहज कळतें. जुन्या शब्दाला जो जातिभेदाचा आणि कर्मकांडाचा वास चिकटला होता, तो त्यांना नको होता. देव नाकारण्यासाठीं नव्हे, तर शब्द धुऊन घेण्यासाठीं त्यांनीं हें केलें. पण त्यांच्या विरोधकांना तेवढी फोड करण्याची फुरसत नव्हती.

अर्थाच्या ह्या गोंधळाचा एक मासला महात्मा गांधींनीं आपल्या आत्मकथेंत दिला आहे. ब्रॅडलॉ ३० जानेवारी १८९१ रोजीं वारले, तेव्हां तरुण गांधी लंडनमध्यें बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते. वोकिंगच्या स्मशानभूमींत झालेल्या अंत्यविधीला ते गेले होते. परतीच्या गाडीची वाट पाहतांना स्टेशनावर नास्तिकांच्या एका पुढाऱ्यानें एका पाद्रीबुवांना गांठलें. आपण ईश्वर मानतां ना? होय. पृथ्वीचा परीघ अमुक मैल आहे हेंही मानतां ना? होय. मग तुमचा ईश्वर केवढा आणि कोठें असतो तें सांगा! पाद्रीबुवा शांतपणें म्हणाले कीं, आपणांस कळेल तर तो आपणां दोघांच्याही हृदयांत आहे. त्यावर पुढारी म्हणाले, मला लहान मूल समजूं नका, आणि विजयी मुद्रेनें लोकांकडे पाहूं लागले. ह्या संभाषणानें गांधींची नास्तिकतेविषयींची नावड वाढली, असें ते लिहितात. पण एका शाळामास्तराच्या नजरेनें पाहिलें तर ह्या सामन्यांत कोणीच जिंकलें नाहीं आणि कोणीच हरलें नाहीं. एकजण मोजपट्टी लागेल अशा वस्तूविषयीं बोलत होता, दुसरा अंतःकरणांतील अनुभवाविषयीं. दोघांच्या वाक्यांत शब्द तेवढा एक होता.

आतां 'मानणें' हें क्रियापद. आपल्या मराठींत तें मोठें कामसू आहे. बीजगणितांत आपण म्हणतों, आंब्यांची संख्या क्ष मानूं. येथें मानणें म्हणजे तात्पुरतें गृहीत धरणें. वडिलांचा शब्द मानतों, तेथें मानणें म्हणजे आज्ञा पाळणें. अमुक वैद्याला मानतों, तेथें मानणें म्हणजे त्याच्या गुणाविषयीं आदर व भरवसा बाळगणें. पृथ्वी वाटोळी आहे असें मानतों, तेथें मानणें म्हणजे पुराव्यावरून मत बनविणें. मग 'देव मानतों' ह्यांत ह्यांपैकीं कोणतें मानणें आहे? आजी तुळशीपुढें दिवा लावते, तेव्हां तिनें उदयनाचार्यांची युक्ति तपासून पाहिलेली नसते. तिचें मानणें भरवशाचें आहे, आपण त्याला श्रद्धा म्हणतों. तिचा कॉलेजांत जाणारा नातू पुराव्याच्या अर्थानें 'मी मानीत नाहीं' म्हणतो, आणि आजीला वाटतें कीं ह्यानें आपला मान ठेवला नाहीं. नातवाला वाटतें कीं आजीला विचार करतां येत नाहीं. दोघांचाही समज चुकीचा. कारण दोघांचीं क्रियापदेंच वेगळीं.

ह्याचा अर्थ पुराव्याचा प्रश्न गौण आहे असा मात्र कोणी करूं नये. देव मत म्हणून मांडला कीं त्याला मताचे नियम लागू होतात. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम पेली ह्यांनीं १८०२ सालीं घड्याळाचा दृष्टांत दिला. माळावर घड्याळ सांपडलें तर त्याचा कोणी करणारा असला पाहिजे असें आपण म्हणतों. मग डोळ्यासारखी नाजूक रचना पाहून तसेंच कां म्हणूं नये? १८५९ सालीं डार्विननें दाखविलें कीं, लहान लहान फरक पिढ्यान् पिढ्या निवडले जाऊन अशी रचना घडत जाऊं शकते. त्यानंतर घड्याळाच्या ह्या युक्तिवादाचें पूर्वीचें बळ राहिलें नाहीं. एक युक्तिवाद ढिला झाला म्हणून ईश्वर नाहीं असें सिद्ध होत नाहीं, हेंही तितकेंच खरें. आणि ज्यांचा ईश्वर मुळीं कुंभार किंवा घड्याळजी नव्हताच, त्यांचें ह्यांत कांहींच गेलें नाहीं.

'आहे' आणि 'नाहीं' ह्या दोहोंच्या मध्यें तिसराही एक शब्द आहे, तो म्हणजे 'अज्ञेयवादी'. इंग्रजींतला मूळ शब्द टॉमस हक्सले ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १८६९ सालीं तयार केला. लंडनच्या एका विद्वत्सभेंत प्रत्येकाला आपापल्या मताचें कांहीं ना कांहीं नांव होतें; आपण तेवढे बिननांवाचे, असें पाहून त्यानें स्वतःसाठीं हा शब्द घडविला. त्याचा आशय असा कीं, ज्या गोष्टी पुराव्याच्या आटोक्याबाहेर आहेत, त्यांविषयीं आपल्याला ज्ञान आहे असें सांगूं नये. अज्ञेयवादाला कुंपणावर बसण्याचा मार्ग समजणें बरोबर नाहीं. 'मी अजून विचार केला नाहीं' असें म्हणणारा आळशी असेल. 'विचार करून पाहिला, आणि हें माणसाला कळण्यासारखें दिसत नाहीं' असें म्हणणारा अज्ञेयवादी. पुढें दोन निरनिराळे प्रश्न आहेत हें अभ्यासकांनीं वेगळें काढून दाखविलें: कळलें आहे काय, हा ज्ञानाचा प्रश्न, आणि मन कशावर ठेवलें आहे, हा श्रद्धेचा प्रश्न. म्हणून 'ईश्वर आहे हें मला कळत नाहीं, तरी माझी श्रद्धा आहे' असें म्हणणारा मनुष्य विसंगत बोलतो असें नाहीं.

गोपाळ गणेश आगरकर ह्यांना त्यांच्या काळीं सरसकट नास्तिक म्हणण्यांत आलें. मिल आणि स्पेन्सर ह्यांच्या ग्रंथांचे ते अभ्यासक. त्यांची भूमिका अज्ञेयवादाची होती असें त्यांचे अभ्यासक सांगतात. पण पुण्यांतील विरोधकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली ती शब्दकोश उघडून काढली नव्हती. केशवपन आणि बालविवाह ह्यांविरुद्ध त्यांनीं सुधारकांतून जें लिहिलें तें झोंबत होतें, आणि त्या लेखांना उत्तर देण्यापेक्षां लेखकाला नास्तिक म्हणणें सोपें होतें. शब्दाचा असा उपयोग झाला म्हणजे तो शब्द राहत नाहीं, दगड होतो.

दगडावरून एक अधिक नाजूक गोष्ट आठवते. जग दयाळू आणि सर्वशक्तिमान् ईश्वराच्या हातीं आहे, तर त्यांत एवढें दुःख कां? १७५५ सालच्या १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं सकाळीं, लोक चर्चांत असतांना लिस्बन शहराला भूकंपाचा धक्का बसला. त्याच्या ४५ वर्षें आधीं, १७१० सालीं, लायब्निट्झ ह्या तत्त्वज्ञानें, संभवणाऱ्या सर्व जगांत हेंच जग उत्तम आहे, असें प्रतिपादन केलें होतें; लिस्बननंतर व्हॉल्टेअरनें त्या मताची भयंकर टवाळी केली. आपल्याकडे हाच आक्षेप बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य' ह्या दोन शब्दांनीं मांडला आहे. एकाला सुख व दुसऱ्याला दुःख, हें वैषम्य, म्हणजे पक्षपात. प्राणिमात्रांचा संहार, हें नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. उत्तर असें कीं, ईश्वर प्राण्यांच्या कर्माला अनुसरून फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस सर्व शेतावर सारखा पडतो. भात उगवतें कीं जव, हें बियाण्यावर.

हें उत्तर कोणाला पटेल, कोणाला पटणार नाहीं. कर्मानें बांधलेला ईश्वर सर्वशक्तिमान् कसा, असें विचारणारे पूर्वींही होते. माझा मुद्दा वेगळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं आणि हजारों माणसें मेलीं. अशा वेळीं उरलेल्या माणसापाशीं जाऊन 'पूर्वकर्म' असें म्हणणारे लोक असतात. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, कर्माचें तें उत्तर ईश्वरावरचा पक्षपाताचा आरोप दूर करण्यासाठीं योजलेलें होतें. ढिगाऱ्याजवळ बसलेल्या आईवर आरोप ठेवण्यासाठीं तें कोणी योजलें नव्हतें. ग्रंथांतली संज्ञा आपल्या जागेवरून उचलून भलत्या जागीं ठेवली कीं ती खोटी न होतांही क्रूर होते. आणि त्या आईनें 'देव नाहीं' असा आक्रोश केला, तर तिचें दर्शन सांख्य कीं चार्वाक हें ठरवीत बसणारा मनुष्यही तितकाच वेडा. तें वाक्य मत नव्हे, तो हंबरडा आहे.

गांधींची गोष्ट मीं अर्धी सांगितली, ती पुरी करतों. वोकिंगच्या त्या प्रसंगानंतर चाळीस वर्षांनीं, १९३१ च्या डिसेंबरांत, स्वित्झर्लंडमधील लोझान येथें त्यांना ईश्वराविषयीं प्रश्न विचारण्यांत आला. ईश्वर सत्य आहे असें मी पूर्वीं म्हणत असें, आतां सत्य हाच ईश्वर आहे असें म्हणतों, असें त्यांनीं सांगितलें. कारण असें कीं, सत्याच्या ओढीनेंच कित्येकांनीं ईश्वराला नाकारलें आहे. पण सत्याला नाकारणारा कोणी आढळत नाहीं. त्याच भाषणांत त्यांनीं ब्रॅडलॉचें नांव घेतलें, आणि तो स्वतःला नास्तिक म्हणवीत असला तरी मी त्याला ईश्वराला भिऊन वागणारा मनुष्यच म्हणेन, अशा अर्थाचे उद्गार काढले. ब्रॅडलॉला हें रुचलें नसतें, हेंही ते म्हणाले.

ह्यांत गांधींचें औदार्य आहे, आणि मला तें वंदनीय वाटतें. तरी व्याख्येच्या मास्तराला एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. शब्दाचा अर्थ रुंद केल्यानें दोन माणसें एका छपराखालीं येतात; परंतु मूळ प्रश्न मिटत नाहीं. जग करणारा कोणी आहे काय, तो प्रार्थना ऐकतो काय, मरणापुढें कांहीं आहे काय, हे प्रश्न होते तेथेंच राहतात. आणि ज्यानें सहा वर्षें दाराबाहेर उभें राहून आपल्या शब्दाची किंमत दिली, त्याचा शब्द प्रेमानेंसुद्धां बदलूं नये. त्याला 'नास्तिक' म्हणूं द्यावें, आणि तो काय नाकारतो हें त्यालाच विचारावें.

म्हणून घरांत पुढल्या वेळीं हा वाद निघेल, तेव्हां निकाल देण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून पाहाव्या. देव म्हणजे तुझ्या मनांत कोण? मानणें म्हणजे गृहीत धरणें, पटणें, कीं भरवसा ठेवणें? आणि नाहीं म्हणतोस तें नक्की कशाला? उत्तरें ऐकेपर्यंत चहा निवेल, कदाचित् मतभेदही तसाच राहील. पण तो खरा मतभेद असेल. आपल्या पूर्वजांनीं विरोधकाचें म्हणणें आधीं मांडून मग त्याचें खंडन करण्याची रीत घालून दिली होती. तेवढी जरी आपण पाळली, तरी शपथ घेणारा आणि प्रतिज्ञा करणारा ह्या दोघांना एकाच पंगतींत बसवून जेवूं घालण्यास आपणांस अडचण वाटणार नाहीं.